काचेच्या कापसाचा उन्हाळा

३ मार्च, सोमवार

मागच्या उन्हाळ्यात मी या घरातून पळून गेले होते. ते आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे या वहीत काही लपवायला नको.

लग्न होऊन मी घोडेगावात आले तेव्हा डिसेंबर होता. पत्र्याचं घर, पुढे अंगण, अंगणात कडुनिंब. मला सगळं आवडलं होतं. एप्रिलमध्ये एका दुपारी लोखंडी कपाटाला हात लागला आणि चटका बसला. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता आणि वरून भट्टीची हवा खाली ढकलत होता. दुसऱ्याच दिवशी मी ‘आईला बरं नाही’ असं सांगून पिंपरीला माहेरी गेले आणि जून संपताना परत आले. आईला काहीही झालेलं नव्हतं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. परत आल्यावर त्यांनी एकदाही विचारलं नाही की आई कशी आहे. तेव्हापासून ते न विचारणं मला टोचत राहिलंय.

यंदा पळायचं नाही. लग्नाआधी चार वर्षं मी पुण्यात शीतगृहं बांधणाऱ्या एका ठेकेदाराच्या ऑफिसात होते. मापं काढायची, नकाशे करायचे, साइटवर माणसं नीट काम करतात की नाही बघायचं. भिंतीत आणि छतात ग्लासवूल भरलं की बाहेरची उष्णता आत शिरत नाही, हे मला पाठ आहे. मग बटाट्यांसाठी जे केलं ते माणसांसाठी का नाही? काल जुन्या सरांना फोन केला. म्हणाले, गोडाऊनमध्ये उरलेले रोल पडलेत, घेऊन जा, जागा तरी मोकळी होईल.

नितीन एका पायावर तयार झाला. तो साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे. नवीन काही जोडायचं, खोलायचं म्हटलं की त्याला सण वाटतो. आत्या मात्र एवढंच म्हणाल्या, “कर काय करायचं ते.”

रागावल्यात, हे उघड आहे.

७ मार्च, शुक्रवार

टेम्पो आला. रोल उतरवताना अर्धी गल्ली बघायला जमली.

शुक्रवारी घोडेगावात जनावरांचा बाजार असतो आणि आत्यांची तिथे चहा-भज्यांची टपरी असते. संध्याकाळी पाचला त्या परत आल्या. अंगणातल्या ढिगाकडे बघितलं, चपला काढल्या आणि एका रोलला बोट लावायला गेल्या.

“हात नका लावू आत्या, खाजेल!”

“कापूस हाय की ह्यो. पिवळा कापूस.”

“काचेचा आहे. काच वितळवतात आणि तिचे बारीक धागे काढतात.”

“काच? आन ती घरात टाकायची?”

मी समजावून सांगायला लागले, तोवर त्यांनी सांडशीत एक झुबका पकडला, आत गेल्या आणि गॅसच्या जाळावर धरला. झुबक्यातून जरासा धूर आला, वास आला, पण पेट काही घेतला नाही. आत्यांनी सांडशी फिरवून झुबका दुसऱ्या बाजूनेही धरला.

“जळत न्हाई,” म्हणाल्या आणि हातपाय धुवायला गेल्या.

चांगलं म्हणाल्या की वाईट, मला कळलं नाही.

९ मार्च, रविवार

आज दिवसभर काम. लिहायला बोटं वळत नाहीत.

पत्र्याच्या खाली लोखंडी अँगलला कोंबड्यांची जाळी ताणून बांधली. तिच्यावर ग्लासवूल पसरलं, चंदेरी बाजू खाली. पत्रा आणि कापूस यांच्यात चार बोटं हवा खेळायला जागा ठेवली. खालून पीव्हीसीच्या पट्ट्यांचं छत ठोकून सगळं बंद केलं. नितीन रेनकोट, मास्क, चष्मा, हातमोजे घालून शिडीवर चढला, तेव्हा शेजारचं कुत्रं त्याच्यावर भुंकायचं थांबेना. अंगात घाम, घामावर काचेची कुसं. दोघंही नुसते नाचत होतो.

“चोळू नको, चोळू नको!” मी ओरडत होते आणि स्वतःच मान खाजवत होते.

आत्यांनी न्हाणीत गार पाण्याच्या चार बादल्या भरून ठेवल्या होत्या.

१५ मार्च, शनिवार

दुपारी अडीच. बाहेर सावलीत ३७. स्वयंपाकघरात, जिथे नुसता पत्रा आहे, तिथे ४१. आमच्या मोठ्या खोलीत ३५.

पस्तीस! मी तीनदा थर्मामीटर झटकून बघितला. पंख्याचा वारा वाऱ्यासारखा लागतोय. नितीनला कारखान्यावर फोन केला, तर तो तिकडे ओरडला आणि कोणीतरी त्याला विचारलं, “काय रे, मुलगा झाला काय?”

आत्यांना बोलावलं. त्या दारातून आत आल्या, मधोमध उभ्या राहिल्या, वर बघितलं. “हं,” म्हणाल्या. आणि रोजच्यासारख्या कडुनिंबाखाली जाऊन बसल्या. एवढं करूनही बाहेरच!

उरलेल्या तुकड्यांतला ताटाएवढा एक चौकोन सापडत नाही. उंदरांनी नेला असणार. त्यांनाही खाजू दे.

२१ मार्च, शुक्रवार

आज एक विचित्र गोष्ट झाली. दुपारी दोनला दोन अनोळखी माणसं दारात. एकाच्या हातात नुकत्याच घेतलेल्या शेळीचा दोर. “पानी मिळंल का ताई?” पाणी दिलं. प्यायले. मग खोलीत बसले आणि बसूनच राहिले. एक जण सारखा छताकडे बघत होता. बाजार इथून बराच लांब आहे, वाटेत तीन हॉटेलं आहेत, आणि यांना पाणी आमच्याच घरचं हवं?

वीस मिनिटांनी उठले. जाताना शेळीवाला म्हणाला, “बरं हाय.”

काय बरं आहे?

२८ मार्च, शुक्रवार

आज पाच जण आले. शेवटच्या एक बाई होत्या, पन्नाशीच्या, हातात म्हशीची नवी वेसण. नाव छबूबाई, कोल्हारच्या. त्यांनी तर मला पंखा बंद करायला लावला, डोळे मिटून भिंतीला टेकल्या आणि म्हणाल्या, “ताई, माझं मामंजी नव्वदीचं हायेत. त्यांना दुपारी घरात ठिवता येत न्हाई.” मी म्हटलं, अरेरे. मग त्यांना सरबत दिलं.

रात्रीच्या जेवणाला मी आत्यांजवळ तक्रार केली, की बाजारातली माणसं हल्ली पाणी प्यायला इथे का येतात देव जाणे. आत्या भाकरी मोडत म्हणाल्या, “उन्हाचं येत्यात बिचारी.” नितीनला ठसका लागला. पाणी देता देता पुरेवाट.

३१ मार्च, सोमवार

काकासाहेब आले होते! आमच्या विहार समितीचे अध्यक्ष. एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झालेत, पण अजूनही समोरच्याकडे तिकीट तपासल्यासारखं बघतात.

“जय भीम, सूनबाई. विहाराच्या हॉलचं काय करता येईल?”

विहाराच्या हॉलवर पत्रा आहे. तिथे अभ्यासिका चालते. अकरा-बारा पोरं-पोरी परीक्षांची तयारी करतात. मार्चपासून दुपारी अकरा ते पाच हॉल रिकामा. पोरं रस्त्यापलीकडे पाण्याच्या टाकीच्या सावलीत पुस्तकं घेऊन बसतात. त्यात रेश्मा आहे, जिची नर्सिंगची प्रवेश परीक्षा मेमध्ये आहे. तिच्या घरीही पत्राच.

“चौदा एप्रिलच्या आत झालं तर जयंतीला सगळ्यांना दाखवता येईल,” काकासाहेब म्हणाले.

मी लगेच हो म्हटलं. ते गेल्यावर धास्ती वाटली. आपली एक खोली वेगळी आणि चाळीस फुटांचा हॉल वेगळा. पण मला इतका आनंद झालाय की धास्तीसुद्धा गोड वाटतेय.

त्यांना आमच्या खोलीबद्दल कुणी सांगितलं असेल?

६ एप्रिल, रविवार

काम सुरू. पोरांनी जाळी ताणायला हात लावला, मी मापं दिली, नितीन वर. पुण्याहून आणखी रोल आले. रेश्मा शिडी धरून उभी राहते आणि तोंडाने हाडांची नावं पाठ करते. नितीनला आता माणसाच्या पायातली सगळी हाडं येतात.

९ एप्रिल, बुधवार

पीव्हीसीच्या पट्ट्या आल्या नाहीत. दुकानदार म्हणतो, पुढच्या आठवड्यात. जयंती पाच दिवसांवर. मी आज ठरवलं की सध्या खालून पातळ पांढरं कापड ताणून लावायचं आणि पट्ट्या जयंतीनंतर ठोकायच्या. पुण्यात साइटवर एखाद्याने असं केलं असतं तर मी त्याला काम थांबवायला लावलं असतं. पण इथे चार-सहा दिवसांचाच प्रश्न आहे.

आत्या डबा घेऊन आल्या होत्या. वर बघून म्हणाल्या, “आमच्यावानी पक्कं न्हाई केलं?”

“नंतर करणार आहे.”

“बरं.”

त्यांचा तो ‘बरं’ मला अजिबात आवडला नाही.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती! निळे झेंडे, ढोल, मुलांची भाषणं, खिरीचे हंडे. दुपारी मिरवणुकीआधी सगळी वस्ती हॉलमध्ये. अडीचशे माणसं असतील आणि आत गुदमरत नव्हतं! म्हाताऱ्या बायका भिंतीला पाठ लावून पाय पसरून बसल्या होत्या. काकासाहेबांनी माईकवर माझं नाव घेतलं, “आपल्या प्रज्ञाताईंनी...” पुढचं टाळ्यांत ऐकू आलं नाही. मंडपवाल्याने चार मोठे पंखे आणून लावले होते, माळा आणि पताका कापडातून थेट आमच्या जाळीला बांधल्या होत्या. सगळं झगमगत होतं.

मी आयुष्यात इतकी खूश कधी नव्हते. पाय दुखतायत. नाचले.

१६ एप्रिल, बुधवार

रेश्माच्या मानेवर, हातांवर लाल पुरळ उठलंय. डोळे लाल. खोकतेय. आणखी चार पोरांना खाज. सकाळी हॉलमध्ये गेले तर उन्हाच्या तिरपेत बारीक बारीक काहीतरी चमकत खाली येत होतं. मंडपवाल्याने पताका सोडताना कापड चार ठिकाणी फाडलं होतं आणि मोठ्या पंख्यांनी दोन दिवस तो कापूस हलवला होता.

मी आधी सगळे पंखे बंद केले.

दुपारपर्यंत गल्लीत पसरलं होतं की प्रज्ञाने पोरांच्या छातीत काच घातली. मी रेश्माला रिक्षाने डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, कुसं टोचल्याने झालंय, गार पाण्याने धुवा, दोन दिवसांत जाईल, छाती साफ आहे. मला माहीतच होतं, ही कुसं जाडसर असतात, त्वचेला टोचतात, घसा खवखवतो. म्हणूनच तर ती बंदिस्त ठेवायची असतात. मला माहीत होतं! हेच तर सगळ्यात वाईट. न कळून चुकले असते तर बरं वाटलं असतं.

हॉलला कुलूप.

१७ एप्रिल, गुरुवार

समितीची बैठक झाली, बोधिवृक्षाच्या पाराजवळ, कारण हॉल बंद. मंडपवाल्याला शिव्या घालायला सगळे तयार होते. माझ्यासाठी ते सोपं होतं. मी उभी राहिले.

“मंडपवाल्याची चूक नाही. खालून पक्कं छत हवं होतं. मला माहीत होतं, तरी घाई केली. चौदा तारखेला सगळ्यांनी बघावं म्हणून.”

काकासाहेबांनी चष्मा काढून पुसला.

“आता काय करायचं?”

“सगळं उतरवते. नीट बंद करून परत लावते. नको असेल तर नुसतं उतरवते.”

“बघू,” म्हणाले. त्यांनी एसटीत किती फुकट्यांना पकडलं असेल, त्या सगळ्यांना असंच वाटलं असणार.

आत्या मागे बायकांत बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही.

बॅग काढून पलंगावर ठेवलीय. आईला बरं नाही, असं पुन्हा सांगता येणार नाही, पण काहीतरी सुचेल.

१८ एप्रिल, शुक्रवार

आजचं सगळं नीट लिहायचं आहे.

सकाळी आत्या नेहमीसारख्या बाजारात गेल्या. मी बॅग भरत होते. नितीन दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, “जायचं तर जा. मी सोडतो स्टँडवर. पण आधी माझ्याबरोबर बाजारात ये. दहा मिनिटं.”

मोटारसायकलवर बसले. बाजारात म्हशी, बैल, शेळ्या, धूळ, टेम्पोंचे हॉर्न. नितीनने मला एका टेम्पोआड उभं केलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

समोर आत्यांची टपरी. चहाच्या शेगडीशेजारी भज्यांची कढई असते, तिथे आज नुसता तवा होता, कोरडा, तापलेला. आत्यांनी तो सांडशीने उचलून विटेवर ठेवला. त्यावर ताटाएवढा पिवळा चौकोन ठेवला, वरच्या बाजूने कापड शिवलेला. मग समोरच्या फेटेवाल्याचा हात धरला आणि त्या चौकोनावर दाबला. तो माणूस किंचाळायच्या तयारीत होता. किंचाळला नाही.

“लागतंय का?”

“न्हाई की!”

“खाली तवा निखाऱ्यागत तापलाय. वर हात गार. आता तवा म्हंजी तुमचा पत्रा आन हात म्हंजी तुमी. समजलं?”

माझा चौकोन! उंदीर!

“आमची सून करती हे,” आत्या चहा गाळता गाळता बोलत होत्या. “पुन्याला शिकल्याली हाय. इश्वास नसंल तर घरी जाऊन बसा दोन वाजता. पानी मागा, कुनी न्हाई म्हनायचं न्हाई.”

मी टेम्पोला धरून उभी. नितीन हसून हसून खाली बसायच्या बेतात. त्याला पहिल्या शुक्रवारपासून माहीत होतं.

तेवढ्यात बाकड्यावरचा एक जण म्हणाला, “पर कलाबाई, तुमच्या विहारात पोरांना खाज सुटली म्हनं.”

मी डोळे मिटले.

“सुटली,” आत्या म्हणाल्या. “चुकलं तिचं. खालनं पक्कं करायचं ऱ्हायलं. आन चुकलं म्हनून सगळ्या लोकांत हुभं राहून सांगितलं तिनं. तुमी सांगता का? तुमचा ह्यो बैल किती वर्साचा म्हनून सांगितला मगाशी?”

सगळे हसले. बैलवाला सगळ्यात जोरात.

“परत करंल ती नीट,” आत्या म्हणाल्या. “जानारी न्हाई आता ती कुटं. घर गार हाय आता.”

नितीनने माझ्याकडे बघितलं. मी धूळ गेली म्हणून डोळे पुसले.

घरी येऊन बॅग रिकामी केली. ती संध्याकाळी आत्यांना पलंगाखाली दिसली. त्यांनी ती उचलून कपाटावर टाकली.

२० एप्रिल, रविवार

काकासाहेबांनी हॉलची किल्ली आणून दिली. म्हणाले, “उतरवा आणि परत लावा. मात्र या वेळी तारीख मी देणार नाही.” मग जरा थांबून, “मीच तारखेची घाई केली होती. ते बैठकीत बोलायचं राहिलं.”

त्या माणसाकडून हे ऐकणं म्हणजे कंडक्टरने सुट्टे पैसे आपणहून परत देण्यासारखं आहे.

२३ एप्रिल, बुधवार

सगळं उतरवलं. हॉल धुतला, भिंती ओल्या फडक्याने पुसल्या, पुन्हा धुतला.

पण उतरवलेले तुकडे आता चुरगळले होते, ते सरळ जाळीवर पसरणं बरोबर नव्हतं. मी सरांकडून दाट विणीचं काचेचं कापड मागवलं, ते अशा कामात वापरतात. त्यात गुंडाळायचा विचार होता. आत्यांनी कापड हातात घेऊन ताणलं, उजेडाला धरलं.

“गुंडाळू नको. सुटंल. उशीला खोळ करतो तशी खोळ शिवायची. मधी मधी टाके घालायचे, म्हंजी कापूस सरकत न्हाई.”

“टाके घातले तर तिथे पातळ होईल आत्या, उष्णता येईल.”

“मग ढिले घालते. तू सांग किती ढिले.”

मी कागदावर मापं काढून दिली. त्यांनी गोधड्या शिवणाऱ्या सहा बायका गोळा केल्या. विहाराच्या मागच्या अंगणात, सावलीत, सगळ्या तोंडाला मास्क, हातात मोजे, डोळ्यांवर नितीनने आणलेले चष्मे. दगडाबाई सत्तरीच्या आहेत. त्यांनी चष्मा लावून सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या, “आपुन समद्या इमान चालवनाऱ्या दिसतोय.” मग अर्धा तास कोणाला सुई धरता आली नाही.

माझ्या डोक्यात सारखं येतंय की चार वर्षं मी बटाट्यांच्या गोदामात जे करत होते, त्यात कोणी असं हसलं नव्हतं.

२९ एप्रिल, मंगळवार

झालं. खोळी जाळीवर, खाली पीव्हीसीचं छत, सगळ्या कडा पट्टी मारून बंद. तिरपेच्या उन्हात अर्धा तास बसून बघितलं. काही चमकलं नाही. पंखे पूर्ण वेगाने लावले. एक काळा कागद जमिनीवर दिवसभर ठेवला. संध्याकाळी भिंगातून बघितला. स्वच्छ.

हॉलमध्ये दुपारी ३६, बाहेर सावलीत ४०.

पण कोणी आत यायला तयार नाही. दारात उभे राहतात, वर बघतात. आयांनी पोरांना सांगून ठेवलंय. बरोबरच आहे त्यांचं.

मग रेश्मा आली. तिच्या मानेवरचे डाग गेलेत. तिने पुस्तकांची पिशवी खाली ठेवली, चटई पसरली आणि बसली.

मी म्हटलं, “रेश्मा, तू घरी विचारलंस का?”

“विचारलं. आई म्हणाली, प्रज्ञाताई स्वतः बसणार असेल तर बस.”

मी तिच्या शेजारी बसले. थोड्या वेळाने आत्या आल्या, त्यांच्यामागून दगडाबाई आणि शिवणाऱ्या सगळ्या. एकेक जणी जमिनीवर टेकल्या. चार वाजेपर्यंत आम्ही आठ बायका आणि एक पोरगी. रेश्मा हृदयाचे कप्पे पाठ करत होती आणि दगडाबाई अधूनमधून विचारत होत्या, “आन मग रगात कुटं जातंय?”

३ मे, शनिवार

हॉल भरला. दुपारी दोनला बारा पोरं, शिवाय अभ्यासाशी काही संबंध नसलेली सात लहान पोरं झोपायला. काकासाहेबांनी ‘घोरू नये’ अशी पाटी लावली आहे. काल ते स्वतःच तिच्याखाली घोरत होते.

छबूबाईंचा कोल्हारहून फोन आला. त्या म्हशीच्या वेसणीवाल्या. “ताई, आमच्या घराचं कधी करता? मामंजींना दुपारी खाटेसकट चौघं जन उचलून आंब्याखाली नेत्यात. दोनदा खाट कलली.”

मी विचारलं, विहारातलं ऐकलं का तुम्ही? आधीच सांगितलेलं बरं.

“कलाबाईंनी समदं सांगितलंय. म्हनून तर तुमालाच बोलावते.”

९ मे, शुक्रवार

कोल्हार. आत्यांनी आज टपरी बंद ठेवली! नितीन म्हणतो, त्याच्या लहानपणापासून बाजाराचा दिवस त्यांनी चुकवल्याचं त्याला आठवत नाही. काल येताना टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी बसून राहुरीपर्यंत त्यांनी त्यालाही पत्र्याबद्दल पटवून दिलं. खोळी आधीच शिवून आणल्या होत्या, दगडाबाई बरोबर होत्या. काल आणि आज दोन दिवस लागले.

प्रवरेच्या काठाला शेत, शेतात पत्र्याच्या तीन खोल्या. म्हातारबाबांचं नाव गहिनीनाथ. हाडं राहिलीत, पण आवाज शाबूत. दोन दिवस आंब्याखालून त्यांचं आमच्यावर लक्ष होतं. “ए पोरी, ती शिडी भिताडाला लाव. पडशील.” “ए, तो खिळा वाकडा गेला.” खिळा खरंच वाकडा गेला होता.

आज दुपारी एकला काम संपलं. खोली झाडली, पुसली. दीडला चौघांनी खाट उचलून आत आणली. घरातली माणसं, शेजारची माणसं, सगळी दारात. म्हातारबाबांनी वर बघितलं, मग कुशीवर वळले.

“बाहेर जा समदी,” म्हणाले.

आम्ही ओसरीवर बसलो. दोन वाजले. अडीच. छबूबाईंनी हळूच डोकावलं. झोपलेत. तीन. “दुपारचं झोपत न्हाईत कंदी उन्हाळ्यात,” त्या म्हणाल्या, “नुसतं तळमळत्यात.” साडेतीन. चार. आतून काही आवाज नाही. बाबांचं बडबडणं नाही, खोकणं नाही. छबूबाईंच्या नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी नितीनकडे बघितलं. सगळ्यांच्या मनात एकच आलं. माझ्या हातातला चहा थंड झाला.

सव्वाचारला आत्या उठल्या. पदर खोचला, पाय न वाजवता आत गेल्या. आम्ही सगळे त्यांच्यामागे, दारात एकावर एक. आत्या खाटेशी वाकल्या आणि म्हातारबाबांच्या नाकासमोर तळहात धरला.

एक डोळा उघडला.

“काय बघती गं? जिता हाय मी.”

छबूबाई मटकन खालीच बसल्या. कोणीतरी रडत हसायला लागलं, बहुतेक मीच.

“किती वाजलं?” बाबांनी विचारलं.

“सव्वाचार, मामंजी.”

“सव्वाचार? आन मला उठवलं न्हाई कुनी? म्हशीला पानी दावलं का?” ते उठायला गेले, मग विचार बदलून परत आडवे झाले. गुडघे पोटाशी घेतले. पंखा वर हळूहळू फिरत होता.

“छबू,” ते डोळे मिटून म्हणाले, “पायावर कायतरी टाक. गार लागतंय.”

बाहेर अंगणात मातीवर पाय ठेवता येत नव्हता. छबूबाई उठून कपाट उघडायला लागल्या, पण मे महिन्यात पांघरुणं पार तळाशी गेलेली असतात. आत्यांनी वाट बघितली नाही. खुंटीवरचं धोतर ओढून काढलं, त्याच्या चार घड्या केल्या आणि बाबांच्या पायांवर नीट, कडा खोचून पांघरलं. मग माझ्याकडे वळल्या आणि गेल्या दीड वर्षात पहिल्यांदाच माझ्याशी एवढं मोठ्याने हसल्या.